नुसते ओठ हलव

शिक्षक मित्रमैत्रिणींनो, आज एक प्रश्न विचारते. उत्तर मनातल्या मनात दिलंत तरी चालेल. तुमच्या शाळेच्या समूहगीताच्या गटात नुसते ओठ हलवणारं मूल आहे का?

माझ्या गटात होतं. गेल्या वर्षीची गोष्ट. आमची शाळा लहान, तिसरी आणि चौथीची मिळून नऊ मुलं, आणि केंद्रस्तरावरच्या स्पर्धेत गटात किमान आठ जण लागतात. म्हणजे निवड करायला वावच नाही. तिसरीतला एक मुलगा सगळ्यांपेक्षा वेगळ्याच सुरात गायचा. दोन दिवस बघितलं, तिसऱ्या दिवशी त्याला बाजूला घेऊन हळूच म्हटलं, "तू नुसते ओठ हलव हं, आवाज काढू नको." तो "हो बाई" म्हणाला. स्पर्धेच्या दिवशी त्याने इतके छान ओठ हलवले की बघणाऱ्याला कळलंही नसतं. आमचा दुसरा नंबर आला. आणि मी त्याच्या आकारिक नोंदीत काय लिहिलं? "समूहगीत गायनात आवडीने सहभागी होतो."

ही गोष्ट मी विसरूनही गेले होते. आठवली ती पणजीला, एका कार्यक्रमात.

माझी मावसबहीण पर्वरीला राहते. तिची मुलगी दहावीत आहे आणि पाश्चात्त्य वाद्यसंगीत शिकते. नोव्हेंबरमधल्या एका रविवारी तिचा कार्यक्रम होता, "मावशी, यायचंच" असा फोन आला, म्हणून सावंतवाडीहून बसने गेले. खरं सांगायचं तर मला त्या संगीतातलं काही कळत नाही. आमच्या डी.एड. कॉलेजात संगीत म्हणजे पेटीवर सा रे ग म आणि चार प्रार्थना. व्हायोलिन म्हटलं की मला गीतरामायण आणि प्रभाकर जोग आठवतात. त्यामुळे दीड तास बसवेल की नाही, ही धास्ती घेऊनच गेले होते.

छोटासा हॉल, पन्नास-साठ खुर्च्या. समोर अर्धगोलात चार खुर्च्या आणि चार स्टँड. चार विद्यार्थी आले, पंधरा ते अठरा वयाचे. दोघांकडे व्हायोलिन, माझ्या भाचीकडे व्हिओला आणि एका मुलीकडे चेलो. याला स्ट्रिंग क्वार्टेट म्हणतात. व्हिओला दिसायला व्हायोलिनसारखाच, पण थोडा मोठा आणि खालच्या आवाजाचा. चेलो त्याहून खालचा, तो गुडघ्यांमध्ये धरून बसून वाजवतात. प्रत्येक वाद्याला चार तारा. या प्रकारच्या संगीताला चेंबर म्युझिक म्हणतात. चेंबर म्हणजे खोली. आपल्याकडे घरगुती बैठक असते ना, तसं. मोठं सभागृह नको, शंभर वादकांचा ताफा नको. आणि मुख्य म्हणजे पुढे उभं राहून काडी हलवणारा कुणी नको.

हे शेवटचं माझ्या लक्षात यायला थोडा वेळ लागला. सुरुवातीला त्यांनी तारा जुळवल्या, तेव्हा मला वाटलं कार्यक्रम सुरू झाला. मग सगळे थांबले. मी वाट बघत होते की आता त्यांचे सर पुढे येतील आणि एक-दोन-तीन म्हणतील. सर होते, पण ते मागच्या रांगेत भिंतीला टेकून बसले होते. पहिल्या व्हायोलिनवाल्या मुलीने एक श्वास घेतला, तो मला तिसऱ्या रांगेत ऐकू आला. व्हायोलिनची मान किंचित वर उचलली आणि चौघं एकदम सुरू.

आता आपल्या स्पर्धा आठवा. मुलं स्टेजवर आणि आपण खाली पहिल्या रांगेत, परीक्षकांना दिसणार नाही अशा बेताने हातवारे करतोय, तोंडाने शब्द पुरवतोय. मुलं एकमेकांकडे बघतच नाहीत, सगळ्यांचे डोळे बाईंवर. आपण त्याला समूहगीत म्हणतो. खरं तर ती नऊ एकट्या मुलांची एकाच वेळची गाणी असतात.

चौघांनी जे वाजवलं ते हायडन या ऑस्ट्रियन संगीतकाराचं होतं. १७३२ साली जन्मला, १८०९ साली गेला. स्ट्रिंग क्वार्टेटचा जनक म्हणून त्याचं नाव घेतात. त्याचे क्वार्टेट ६८ मोजले जातात. त्याच्या चरित्रकाराने लिहिलंय की तरुणपणी एका जहागीरदाराने त्याला आपल्या गावच्या घरी बोलावलं, तिथे गावचा धर्मगुरू, जहागिरीचा कारभारी, एक चेलोवाला आणि हा, असे चौघं जमले आणि त्या चौघांसाठी त्याने पहिला क्वार्टेट लिहिला. म्हणजे पहिला गट असा जमला, हाताशी जी माणसं होती त्यांतून. आमच्या शाळेच्या पटासारखाच.

पहिला भाग वेगाचा होता. मध्येच दुसऱ्या व्हायोलिनचा मुलगा चुकला. मला संगीत कळत नसलं तरी एवढं कळलं, कारण त्याचा चेहरा गणिताची पायरी विसरलेल्या मुलासारखा झाला. त्याने वाजवणं थांबवलं, गज तारांपासून उचलला. बाकीचे तिघं थांबले नाहीत. त्याच्याकडे कुणी डोळे वटारून पाहिलं नाही. चेलोवाल्या मुलीने पुढच्या आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, माझ्या भाषेत समेवर म्हणा, मान जोरात खाली केली, आणि त्या खुणेवर तो पुन्हा आत आला. सगळा प्रकार पाच-सात सेकंदांचा. मागच्या रांगेतले सर जागचे हलले नाहीत. मी असते तर खुर्चीवरून अर्धी उठले असते.

तो भाग संपल्यावर मी जोरात टाळ्या वाजवल्या. फक्त मीच. बहिणीने हळूच हात दाबला. चारही भाग संपल्यावर टाळ्या वाजवायच्या असतात म्हणे.

दुसरा भाग संथ होता, आणि माझ्या मते प्रत्येक शिक्षकाने तो एकदा ऐकायला हवा. त्यात एक साधी चाल आहे, आपल्या प्रार्थनेसारखी. आधी ती पहिली व्हायोलिन वाजवते. मग तीच चाल, सूरही न बदलता, दुसऱ्या व्हायोलिनकडे जाते आणि पहिली तिच्याभोवती नक्षी काढत राहते. तेव्हा व्हिओला आणि चेलो चक्क गप्प. मग चाल चेलोकडे, खालच्या आवाजात. मग व्हिओलाकडे. शेवटी पुन्हा पहिल्या व्हायोलिनकडे. बस, एवढंच. पण प्रत्येक हातात ती चाल वेगळी वाटते, आणि चाल ज्याच्याकडे नाही तो त्या वेळी रिकामा बसत नाही. वाजवत असला तर दुसऱ्याला आधार देत असतो, आणि गप्प असला तर ऐकत असतो. भाचीकडे चाल आली तेव्हा तिचा आवाज किंचित थरथरला. थोडा जाड, घोगरा, घरातल्या मोठ्या आत्याच्या आवाजासारखा आवाज. मला व्हिओला त्या क्षणी कळला.

नंतर घरी गेल्यावर तिने सांगितलं की तिला व्हिओला नकोच होता. व्हायोलिनला मुलं जास्त झाली आणि व्हिओलाला कुणीच नव्हतं, म्हणून सरांनी दिला. एक वर्ष ती रुसून होती. मग सरांनी सांगितलं की मोझार्ट स्वतः मित्रांसोबत क्वार्टेट वाजवायला बसला की व्हिओला घ्यायचा. हे खरंच आहे. १७८४ च्या सुमारास व्हिएन्नात एका बैठकीत व्हायोलिनवर हायडन आणि डिटर्सडॉर्फ होते आणि व्हिओलावर मोझार्ट होता. जगातला एवढा मोठा संगीतकार, आणि मधली बाजू सांभाळत बसला.

मी तिला विचारलं, "तो मुलगा चुकला तेव्हा तुम्ही थांबला का नाहीत?" ती म्हणाली, "मावशी, आम्ही थांबलो असतो तर तो आत कुठून आला असता?" आणखी एक गोष्ट तिने सांगितली. सराव करताना सर त्यांना कधी कधी एकमेकांकडे पाठ करून बसवतात. बघायचं नाही, नुसतं ऐकून वाजवायचं. मला तिथेच माझी डी.एड.ची वही आठवली. श्रवण, भाषण, वाचन, लेखन. भाषेची चार कौशल्यं, आणि पहिलं कोणतं? श्रवण. सराव पाठाच्या टाचणात मी ते किती वेळा लिहिलं असेल! पण वर्गात मी श्रवण कधी शिकवलं? हाताची घडी, तोंडावर बोट, यालाच मी श्रवण समजत आले. गप्प बसलेलं मूल ऐकत असतंच असं नाही, हे आपल्याला शिक्षण परिषदेतल्या आपल्याच अनुभवावरून माहीत आहे.

आता आपल्या गटकार्याकडे या. ज्ञानरचनावाद आल्यापासून आपण सगळे गट करतो. चार मुलं, एक कागद, एक स्केचपेन, एक गटप्रमुख. पाच मिनिटांत काय होतं ते तुम्हीही बघता. हुशार मुलगी कागद ओढून घेते, एक जण तिला रंग पुरवतो, एक खिडकीबाहेर बघतो आणि एक शेजारच्या गटात भांडायला जातो. आपण फोटो काढतो आणि ग्रुपवर टाकतो. त्या हुशार मुलीचा दोष नाही. कागद एकच दिला तर दुसरं काय होणार? त्या चौघांच्या स्टँडवर चार वेगवेगळे कागद होते. प्रत्येकाकडे फक्त स्वतःचा भाग. भाचीचा कागद एकट्याने वाजवला तर कितीतरी ठिकाणी नुसते सुटे सूर ऐकू येतात, गाणं होतच नाही. दुसऱ्याचं काम आपण करून टाकू म्हटलं तरी करता येत नाही, कारण दोन हात आणि एक गज.

अमेरिकेत टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरात १९७१ साली एलियट अ‍ॅरनसन या मानसशास्त्रज्ञाने वर्गात असाच प्रयोग केला होता. तिथे गोऱ्या आणि काळ्या मुलांना नव्याने एकत्र बसवलं होतं आणि त्यांचं जमत नव्हतं. त्याने पाठाचे तुकडे करून गटातल्या प्रत्येक मुलाला एकेक तुकडा दिला. सगळा पाठ कळायचा तर प्रत्येकाचं ऐकावंच लागणार. जिगसॉ पद्धत म्हणून ती आपल्या प्रशिक्षणांतही येते. मी प्रशिक्षणात ती लिहून घेतली होती. पण डोळ्यांनी पाहिली ती पणजीत.

शिक्षण परिषदेत मी हे बोलले तेव्हा एक सहकारी म्हणाले, "मॅडम, ते गोव्यातलं इंग्रजी संगीत. आपल्या पोरांना त्याचं काय?" त्यांचं एक म्हणणं मला मान्य आहे. त्या चौघांपैकी एकही मूल सरकारी शाळेतलं नव्हतं. वाद्य महाग, शिकवणी महाग, आठवड्यातून तीन दिवस कुणीतरी ने-आण करणारं घर लागतं. हे बोचलंच मला. पण "इंग्रजी" आणि "आपलं नाही" हे मान्य नाही. गोव्यात चर्चला जोडलेल्या गावच्या शाळांत पिढ्यानपिढ्या गरीब घरांतली मुलं व्हायोलिन आणि स्वरलिपी वाचन शिकली. तीच पुढे मुंबईला येऊन हिंदी चित्रपटांच्या स्टुडिओत बसली. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस त्यांतलेच. लक्ष्मीकांत-प्यारेलाल जोडीतले प्यारेलाल त्यांच्याकडे व्हायोलिन शिकले, आणि १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी'मधल्या गाण्यात त्यांचं नाव आहे ते त्यामुळे. मुंबईत मेहली मेहतांनी १९४० साली बॉम्बे स्ट्रिंग क्वार्टेट सुरू केला होता, झुबिन मेहतांचे ते वडील. ज्या गाण्यांवर आपली वरात नाचते त्यांच्या मागे हेच सगळं वाजत असतं.

आणि आपल्या गावातलं भजन बघा. आमच्या सिंधुदुर्गात डबलबारीला रात्र रात्र माणसं बसतात. बुवा गातात, पखवाज वेगळं बोलतो, झांज वेगळी, पेटी वेगळी, कोरस वेगळा. ज्याचा गळा चालत नाही त्याला भजनी मंडळ घरी पाठवत नाही, त्याच्या हातात झांज देतं. "नुसते ओठ हलव" असं मी आजवर एकाही बुवांच्या तोंडून ऐकलेलं नाही. हे वाक्य शाळेतलं आहे. स्पर्धा आणि नंबर आले, त्यानंतरचं आहे.

हायडनची एक गोष्ट राहिली. तो आठ वर्षांचा असताना व्हिएन्नाच्या मोठ्या चर्चमध्ये गायक मुलगा म्हणून गेला. पुढे वयाप्रमाणे आवाज फुटला. महाराणी मारिया थेरेसाने तक्रार केली म्हणतात की हा गात नाही, कोंबड्यासारखा आरवतो. त्यात त्याने एका मुलाची वेणी कापण्याचा खोडसाळपणा केला आणि १७४९ साली छड्या खाऊन बाहेर पडला. मी जी संथ चाल वर सांगितली ना, ती त्याने १७९७ साली सम्राट फ्रान्झच्या वाढदिवसासाठी केली होती. हा फ्रान्झ त्याच मारिया थेरेसाचा नातू. तीच चाल पुढे त्याने क्वार्टेटमध्ये घेतली, आणि आज वेगळ्या शब्दांसह ती जर्मनीचं राष्ट्रगीत आहे. आमच्या गटातला मुलगा हायडन होईल असं मला म्हणायचं नाही. तो बहुतेक त्याच्या वडिलांसारखा उत्तम गवंडी होईल. मला एवढंच वाटलं, की एखाद्याचा आवाज बंद करायला आपल्याला किती कमी वेळ लागतो.

परत आल्यावर काय केलं ते सांगते, त्यात फार मोठं काही नाही. परिसर अभ्यासाच्या एका पाठाचे चार भाग केले, चार कागद दिले. पहिल्या दिवशी पूर्ण फजिती. हुशार मुलीने बाकीच्यांचे कागद हिसकावून वाचले आणि सगळं स्वतःच सांगितलं. दुसऱ्या वेळी मी कागद वाचून झाल्यावर काढून घेतले, मग तिला विचारावंच लागलं. तिला ते आवडलं नाही. अजूनही फारसं आवडत नाही.

आणि समूहगीत. तो मुलगा आता चौथीत. सरावाच्या पहिल्या दिवशी तो आपणहून ओठच हलवायला लागला. मी थांबवून म्हटलं, "आवाज काढ." तो बघत राहिला. मग म्हणाला, "बाई, मोठ्यान म्हणू?" म्हटलं, म्हण. सूर गेल्या वर्षीसारखाच लांब. मग त्याला एकट्याला पेटीजवळ बसवलं आणि काळी चारऐवजी एकेक पट्टी खाली आणत गेले. काळी दोनवर आला आणि ध्रुवपद नीट म्हटलं. पहिली ओळ जरा डगमगली, पुढच्या तिन्ही सुरात. मी पेटीवरचा हात काढून घेतला. म्हणजे गेल्या वर्षी पोरगा बेसूर नव्हता. पट्टी माझ्या गळ्याची होती, आणि दोन मुलींच्या गळ्याची. त्याला त्या उंचीवर जागाच नव्हती. व्हायोलिनच्या कागदावरचं सगळं व्हिओलावर जसंच्या तसं मागितलं तर काय होईल? तेच मी करत होते.

अख्खं गाणं काळी दोनवर आणलं. त्या दोन मुली कुरकुरल्या, "बाई, खूप खाली जातंय." खरंच जातं. गाण्याची चमक कमी झाली, हे मलाही ऐकू येत होतं. मुख्याध्यापकांनी विचारलं, "मॅडम, नंबराचं काय?" मी म्हटलं, बघू. स्पर्धेत मी पहिल्या रांगेत बसले नाही, दाराजवळ उभी राहिले, हात मागे बांधून. मुलांनी सुरुवातीला मला शोधलं, मग एकमेकांकडे बघितलं. दुसऱ्या कडव्यात एकदा सगळे पांगले, पण ध्रुवपदाला पुन्हा एकत्र आले. तो मोठ्याने गात होता. नंबर आला नाही. परीक्षकांच्या शेऱ्यात "पट्टी थोडी वर हवी होती" असं लिहिलं होतं, आणि ते त्यांच्या जागी बरोबरच आहे.

गेल्या वर्षीची नोंद आता बदलता येत नाही. यंदाच्या नोंदीत मी लिहिलंय, "काळी दोनमध्ये सुरात गातो. ठेका पक्का." आमची शाळा चौथीपर्यंतच. जूनमध्ये तो पाचवीला शेजारच्या गावातल्या शाळेत जाईल. तिथल्या बाई माझ्या ओळखीच्या आहेत. दाखल्यावर पट्टी लिहायला रकाना नसतो, म्हणून त्यांना वेगळी चिठ्ठी देणार आहे.